छोट्या गटाने एकत्र राहून गणितात संशोधन करण्याचे निवासी कार्यक्रम: आपल्याकडच्या महाविद्यालयीन शिक्षकांनी अर्ज कधी व कसा करावा?

मासुंदाकाठ, ठाणे (पश्चिम)

नमस्कार. मी ठाण्यातील एका अनुदानित महाविद्यालयात गणित शिकवते. पीएच.डी.पासून माझे काम कॉम्बिनेटॉरिक्समध्ये, म्हणजे मोजणी व मांडणीच्या गणितात, त्यातही डिझाइन सिद्धांतात आहे. माझ्याबरोबर दोघे जण आहेत. एक मैत्रीण नेरूळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि दुसरे सहकारी नागपूरला असतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी क्वासी-सिमेट्रिक डिझाइनवरील एक प्रश्न हाती घेतला. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: डिझाइन म्हणजे काही बिंदूंमधून ठरावीक नियमांनी निवडलेले गट, आणि या गटांना ब्लॉक म्हणतात. क्वासी-सिमेट्रिक प्रकारच्या डिझाइनमध्ये कोणतेही दोन ब्लॉक घेतले तरी त्यांच्यातील सामाईक बिंदूंची संख्या ठरलेल्या दोन संख्यांपैकीच एक असते. या दोन संख्यांवर एक विशिष्ट अट घातली तर अशा डिझाइनचे प्राचल, म्हणजे बिंदूंची व ब्लॉकांची संख्या यांसारखे आकडे, किती मर्यादित होतात, हे आम्ही शोधत आहोत. प्रश्नाचे तीन प्रकार पडतात. त्यांपैकी दोन सुटले आहेत, तिसरा अडला आहे.

आमचे काम रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर चालते. मागच्या वेळी कुठे थांबलो होतो हे आठवण्यात पहिला अर्धा तास जातो, आणि हात जरा बसतो न बसतो तोच कोणाला तरी सोमवारच्या तासाची तयारी करायची असते. गेल्या डिसेंबरमध्ये मात्र नागपूरचे सहकारी चार दिवस ठाण्यात आले, नेरूळची मैत्रीणही माझ्याकडेच मुक्कामाला राहिली, आणि जो दुसरा प्रकार आठ महिने हलत नव्हता तो आमच्या जेवणाच्या टेबलावर तिसऱ्या दिवशी सुटला. आमच्यापैकी कोणाच्याही बुद्धीत त्या चार दिवसांत वाढ झाली नव्हती. फक्त सकाळी सुचलेला विचार दुपारपर्यंत तिघांच्याही डोक्यात जिवंत राहिला.

तेव्हापासून मी अशा कार्यक्रमांची माहिती वाचत आहे, जिथे दोन ते सहा जणांच्या गटाला एखादी संस्था काही आठवडे राहायला जागा, फळा आणि ग्रंथालय देते. अनेक कार्यक्रम जून-जुलैमध्ये असतात, आणि आपली सुट्टी तर मे महिन्यात सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत संपते. शिवाय त्या सुट्टीतच उत्तरपत्रिका तपासणी असते. ज्या महाविद्यालयात संशोधन केंद्र नाही तेथील शिक्षकांचा अर्ज या संस्था गांभीर्याने घेतात का? प्रवासखर्च कोण देते? माझी मुलगी सात वर्षांची आहे, त्यामुळे तीन आठवड्यांहून अधिक काळ बाहेर राहणे मला शक्य नाही. ज्यांनी स्वतः अशा कार्यक्रमात भाग घेतला आहे त्यांनी अनुभव सांगितल्यास आम्हा तिघांनाही मोठी मदत होईल.

---

येऊरचा पायथा

मॅडम, डिसेंबरच्या चार दिवसांबद्दल आपण जे लिहिले आहे, नेमक्या त्याच अनुभवावर हे सर्व कार्यक्रम उभे आहेत. व्याख्याने नाहीत, परिसंवाद नाही, प्रमाणपत्र नाही. गटाला एकत्र ठेवायचे आणि त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे, एवढेच या संस्था करतात. म्हणून आपल्याकडील उन्हाळी शिबिरांपेक्षा हा प्रकार अगदी वेगळा आहे. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि आयआयटी मुंबई यांचे राष्ट्रीय गणित केंद्र दरवर्षी ज्या प्रगत शाळा भरवते, किंवा १९९३ पासून चालणारा एमटीटीएस हा विद्यार्थ्यांसाठीचा गणित प्रशिक्षण कार्यक्रम, हे उत्तम उपक्रम आहेत. पण ते शिकण्यासाठी आहेत, सुरू असलेले संशोधन पुढे नेण्यासाठी नाहीत.

आपल्या गटाला कोणते कार्यक्रम जुळतील हे आधी संख्येवरून पाहावे. जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टमधल्या ओबरवोल्फाख संस्थेने १९९५ मध्ये ‘रिसर्च इन पेअर्स’ सुरू केले. आता तो कार्यक्रम ‘ओबरवोल्फाख रिसर्च फेलोज’ या नावाने चालतो आणि तो मुळातच दोन ते चार जणांच्या गटासाठी आहे. कॅनडातील बॅन्फ येथे ‘रिसर्च इन टीम्स’ हा कार्यक्रम आहे. तोही दोन ते चार जणांसाठी, एक किंवा दोन आठवड्यांचा. फ्रान्समध्ये मार्सेजवळच्या ल्युमिनी येथील सीआयआरएम ही गणित संस्था अशाच छोट्या गटांना बोलावते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिक्सचा ‘स्क्वेअर्स’ हा मात्र चार ते सहा जणांचा आहे, म्हणजे आपल्याला चौथी व्यक्ती लागेल. त्याची एक फार चांगली बाजू अशी की काम पुढे सरकत असेल तर तोच गट पुढच्या वर्षी पुन्हा आठवडाभर येऊ शकतो. अमेरिकेतील बर्कलेच्या एसएलमॅथ या गणित संस्थेचा, म्हणजे पूर्वीच्या एमएसआरआयचा, ‘समर रिसर्च इन मॅथेमॅटिक्स’ हा कार्यक्रम दोन ते सहा जणांच्या गटांसाठी आहे. कौटुंबिक जबाबदाऱ्या, व्यावसायिक एकटेपणा किंवा निधीचा अभाव यांमुळे ज्यांचे संशोधन अडते अशा गणितज्ञांचा, विशेषतः स्त्रियांचा, विचार करून तो आखलेला आहे, आणि मुलांच्या देखभालीच्या खर्चाचाही त्यात विचार होतो. आपली परिस्थिती त्या वर्णनाशी इतकी जुळते की केवळ जून-जुलै या कारणाने तो आपण सोडू नये. महाविद्यालयाशी आधी बोलून पाहावे.

सुट्टीच्या अडचणीवर खरा उपाय असा आहे की ‘उन्हाळी’ हा शब्द थोडा बाजूला ठेवावा. युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांना जूननंतर सुट्टी असते म्हणून तेथील बरेच कार्यक्रम त्या काळात येतात. पण ओबरवोल्फाख, बॅन्फ आणि ल्युमिनी येथे जवळजवळ वर्षभर गट येत असतात. मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे किंवा दिवाळीची सुट्टी आपण तारखांच्या पसंतीत लिहू शकता. आम्ही तसेच केले होते.

आता ओबरवोल्फाखविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण काही वर्षांपूर्वी मी आणि माझे एक सहलेखक तेथे दोन आठवडे राहिलो आहोत. १९४४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था गावाच्या वरच्या अंगाला टेकडीवर आहे. ग्रंथालय रात्रंदिवस उघडे असते. रात्री अकरा वाजता एखादा १९६५ सालचा लेख हवा वाटला आणि दोन मिनिटांत तो कागदावर हातात आला, हे सुख मी त्यापूर्वी कधी अनुभवले नव्हते. जेवणाच्या टेबलांवर नावे घातलेली रुमालाची पाकिटे असतात आणि ती कर्मचारी मुद्दाम बदलून ठेवतात, त्यामुळे रोज वेगळ्या माणसांशेजारी बसावे लागते. आमच्या आठवड्यात चालू असलेली कार्यशाळा आमच्या विषयाची नव्हती, तरीही रात्रीच्या जेवणात भेटलेल्या एका बाईंनी आमच्या गणनेतील एक असमानता अधिक घट्ट करता येईल हे सहज बोलताना सुचवले, आणि निबंधातील मुख्य प्रमेय त्यामुळे सुधारले.

तरीही आमचे पहिले तीन दिवस वाया गेले, हेही सांगितले पाहिजे. ज्या लेमावर, म्हणजे मुख्य प्रमेयाकडे नेणाऱ्या सहायक विधानावर, आम्ही सगळी योजना उभारली होती तो चौथ्या दिवशी सकाळी चुकीचा निघाला. छोटी उदाहरणे घेऊन त्याची पडताळणी आम्ही घरी असतानाच संगणकावर केली असती तर ते तीन दिवस वाचले असते. म्हणून आपल्याला माझा आग्रहाचा सल्ला आहे: जे काम एकट्याने घरी होऊ शकते, म्हणजे संदर्भवाचन, संगणकावरील शोध, जुन्या सिद्धतांचे नीट लेखन, ते निघण्यापूर्वी संपवावे आणि तेथे फक्त एकत्र बसूनच होणारे काम न्यावे.

प्रस्तावाबद्दल. निवड समिती गटातील प्रत्येकाची पदव्यांची यादी पाहण्याआधी हे पाहते की प्रश्न नेमका आहे का, त्यावर आधी काय झाले आहे, आणि हा गट आत्ताच, एकत्र येऊन, तो पुढे नेऊ शकेल असे मानायला आधार आहे का. आपल्याकडे तीनपैकी दोन प्रकार सुटलेले आहेत, हा सर्वांत भक्कम आधार होय. तिसरा प्रकार कुठे अडतो हे दोन परिच्छेदांत स्पष्ट लिहा. “आम्ही या विषयातील विविध पैलूंचा अभ्यास करू” यासारखी वाक्ये आपल्याकडील प्रकल्प-अर्जांत खपून जातात, तेथे ती अर्जाचे नुकसान करतात. संशोधन केंद्र नसण्याचा प्रश्न मला कोणी विचारला नाही. उलट गटातील माणसे वेगवेगळ्या गावांत राहतात आणि एरवी भेटू शकत नाहीत, ही गोष्ट आपल्या बाजूची आहे.

---

पाम बीच, नेरूळ

येऊरच्या सरांनी गणिताची बाजू लिहिली आहे, मी कागदपत्रांची लिहितो, कारण आमचा गट निवड होऊनही एकदा त्याच पायी अडकला होता.

राहण्या-जेवण्याचा खर्च ओबरवोल्फाख आणि बॅन्फ या दोन्ही ठिकाणी संस्था करते. विमानाचे तिकीट सामान्यतः आपले आपण पाहायचे असते. त्यामुळे अर्ज करतानाच प्रवासाच्या पैशांची तजवीज सुरू करावी. राष्ट्रीय उच्च गणित मंडळ, म्हणजे एनबीएचएम, प्रवासासाठी साहाय्य देते. शिवाय गणितज्ञांसाठीची मॅट्रिक्स ही केंद्र सरकारी संशोधन-अनुदान योजना आहे. एसईआरबी या केंद्रीय संशोधन-निधी मंडळाच्या काळात तिच्यात वर्षाला २ लाख रुपये याप्रमाणे ३ वर्षे अनुदान मिळत असे आणि आता हा कारभार त्या मंडळाच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आला आहे. रक्कम मोठी नसली तरी आपल्या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, त्यामुळे ती बहुतांशी प्रवासाला आणि एकमेकांकडे जाण्यायेण्याला वापरता येते. आपल्या तिघांपैकी कोणीही अद्याप या योजनेत अर्ज केलेला नसेल तर तो आधी करावा, असे मी म्हणेन. विकसनशील देशांतील गणितज्ञांसाठी फ्रान्समधील सिम्पा आणि इटलीतील त्रिएस्तची आयसीटीपी या दोन संस्था मिळून ‘रिसर्च इन पेअर्स’ शिष्यवृत्ती देतात, पण त्यात युरोपातील सहकाऱ्याकडे बरेच आठवडे राहावे लागते, म्हणून तीन आठवड्यांच्या आपल्या मर्यादेत ती बसणार नाही.

रजेबाबत: यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार एका शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त ३० दिवसांची कर्तव्यरजा मंजूर करता येते. ती हक्क म्हणून मिळत नाही, मंजूर व्हावी लागते. म्हणून निमंत्रणपत्र येताच प्राचार्यांना अर्ज द्यावा आणि त्याबरोबरच परदेश प्रवासासाठीचे ना-हरकत प्रमाणपत्र मागावे. आमच्या गटातील एका सहकाऱ्याचे हे प्रमाणपत्र दोन कार्यालयांच्या मध्ये सात आठवडे पडून राहिले, व्हिसाची तारीख निघून गेली आणि आम्हाला वर्षभर थांबावे लागले. तेव्हा मे महिन्यात जायचे असेल तर जानेवारीतच कागद हलवावेत आणि उत्तरपत्रिका तपासणीच्या जबाबदारीतून त्या आठवड्यांपुरती सूट हवी असल्याचे त्याच अर्जात लिहावे. मागाहून स्वतंत्र अर्ज केला की तो वेगळ्या टेबलावर जातो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि किमान १५ दिवस आधी करता येतो, आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास-विमा लागतो. अमेरिकेसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळण्यावर सगळे अवलंबून असते. गटातील एकाला व्हिसा मिळाला नाही तर उरलेल्या दोघांनी जायचे की नाही, हे तिघांनी आधीच ठरवून ठेवावे. तो प्रसंग आल्यावर ठरवायला बसणे फार अवघड असते.

---

आलेख-रंग, खारघर

वरील दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. ताई, आपला दुसरा प्रकार ठाण्यातील जेवणाच्या टेबलावर सुटला. मग तिसऱ्यासाठी दीड वर्ष थांबून परदेशी का जायचे? अर्ज जरूर करावा, पण निवडीची वाट पाहताना प्रश्न थंड पडू देऊ नये.

आपल्या विषयातलेच उदाहरण घेतो. ऑयलरने १७८२ मध्ये अशी अटकळ मांडली होती की ४k+२ या रूपातील क्रमाच्या परस्पर लंब लॅटिन चौरसांची जोडी असूच शकत नाही. (लॅटिन चौरसात प्रत्येक ओळीत व स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येते; क्रम म्हणजे त्याची बाजू; आणि असे दोन चौरस एकावर एक ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच आली तर ते परस्पर लंब.) १९५९ मध्ये राज चंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी ती खोटी ठरवली. बोस आणि श्रीखंडे यांनी क्रम २२ चे उदाहरण दिले, पार्कर यांनी क्रम १० चे, आणि मग तिघांनी मिळून दाखवले की या रूपातील ६ पेक्षा मोठ्या प्रत्येक क्रमासाठी अशी जोडी असते. यातले पार्कर बोस-श्रीखंडे यांच्या विद्यापीठात नव्हते, दुसऱ्या राज्यात एका संगणक कंपनीत होते. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि आपण ज्या विषयात काम करता त्याची परंपरा मुंबईत त्यांच्यामुळे रुजली. दुसरे उदाहरण आयआयटी कानपूरचे. मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मूळ संख्या ओळखण्याची बहुपदी वेळेत (म्हणजे अंक वाढले तरी प्रमाणाबाहेर न फुगणाऱ्या वेळेत) चालणारी रीत ऑगस्ट २००२ मध्ये जाहीर केली, तेव्हा कयाल आणि सक्सेना नुकतेच बी.टेक. झाले होते. तिघांचा गट, आपल्याच देशातले एक संकुल आणि उन्हाळ्याचे महिने.

आम्ही चौघांनी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात स्वतःच असा निवास घडवून आणला. पुण्यात खोल्या घेतल्या, कारण एरंडवण्यातील भास्कराचार्य प्रतिष्ठानचे ग्रंथालय जवळ होते. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे वातावरण अशा कामाला फार अनुकूल आहे. दहा दिवस ठरवले होते. पहिल्या वर्षी हा प्रयोग निम्मा फसला, कारण आम्ही नवी मुंबईपासून पुरेसे दूर गेलोच नव्हतो. एकजण दोन दिवसांसाठी महाविद्यालयाच्या बैठकीला परत गेला, एकाकडे पाहुणे आले. दुसऱ्या वर्षी आम्ही काही गोष्टी ठरवल्या आणि त्या पाळल्या: दहा दिवसांत कोणीही घरी परतणार नाही, सकाळी नऊ ते एक फोन बंद, दुपारी प्रत्येकाने एकट्याने काम करायचे, संध्याकाळी चालून आल्यावर त्या दिवशी जे काही खरे ठरले ते एकाने लिहून ठेवायचे, आणि ते लिखाण दुसऱ्याने त्याच रात्री तपासायचे. भिंतीवर लावायचा मोठा फळा आम्ही भाड्याच्या टेम्पोतून नेला. माझ्या मते सगळ्या खर्चात तोच खर्च सर्वांत सार्थकी लागला. कागदावर एकाच वेळी एकच माणूस लिहितो, फळ्यासमोर चौघेही उभे राहतात.

---

येऊरचा पायथा

खारघरच्या सरांचे म्हणणे मला पटते, फक्त एक भर घालतो. पार्कर दूर होते हे खरे, पण बोस आणि श्रीखंडे अमेरिकेत चॅपल हिलच्या विद्यापीठात एकाच विभागात होते. पत्रव्यवहाराला धार येते ती अशी एकत्र बसणारी जोडी कुठेतरी असते म्हणून. आपल्या गटात ठाणे आणि नेरूळ ही जोडी आहेच. ट्रान्स-हार्बर लोकलने तासाभराच्या आत भेटता येते. आठवड्यातील एक पूर्ण दुपार दोघींनी प्रत्यक्ष भेटून काम केले आणि रविवारी नागपूरच्या सहकाऱ्यांना त्याचा वृत्तांत दिला, तर पुढच्या निवासापर्यंत प्रश्न जागा राहील.

---

मासुंदाकाठ, ठाणे (पश्चिम)

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने आणि तपशिलाने लिहिले याबद्दल मनापासून आभार. काल आम्ही तिघांनी हे सर्व एकत्र वाचले. येत्या मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासणी संपताच पुण्यात दहा दिवस राहायचे ठरले आहे. मुलगी तेवढे दिवस आजीकडे सांगलीला राहील, ती स्वतःच आनंदाने तयार झाली आहे. त्यानंतरच्या वर्षाच्या मे महिन्यासाठी ओबरवोल्फाख आणि बॅन्फ या दोन्हींकडे अर्ज करणार आहोत. नागपूरचे सहकारी मॅट्रिक्सचा अर्ज लिहायला घेत आहेत. बुधवारी दुपारी माझे आणि नेरूळच्या मैत्रिणीचे तास नसतात, तेव्हा वाशीच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात बसायला सुरुवात करीत आहोत.

एक शेवटची शंका. सुटलेले दोन प्रकार आम्ही स्वतंत्र निबंध म्हणून आत्ताच प्रसिद्ध करावेत, की तिसरा सुटेपर्यंत थांबून तिन्ही एकत्र द्यावेत? अर्जाच्या दृष्टीने काय योग्य?

---

येऊरचा पायथा

आत्ताच लिहून अर्काइव्हवर (निबंध सर्वांना खुले ठेवणाऱ्या ऑनलाइन संग्रहावर) ठेवा आणि नियतकालिकाकडेही पाठवा. प्रस्तावातील “दोन प्रकार आम्ही सोडवले आहेत” या वाक्यापुढे परीक्षकाला उघडून वाचता येईल असा निबंध असला की समितीला आपल्या शब्दावर विसंबावे लागत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: सिद्धता नीट लिहून काढताना तिसऱ्या प्रकारात नेमकी कोणती पायरी मोडते हे आपल्याला आताच्यापेक्षा स्पष्ट दिसेल, आणि पुण्यातील पहिल्या सकाळी फळ्यावर लिहायची ओळ तीच असेल. मसुदा तयार झाल्यावर वाचायला दुसरे कोणी हवे असल्यास मला संदेश पाठवा. क्वासी-सिमेट्रिक डिझाइनच्या ब्लॉक आलेखांवर, म्हणजे ब्लॉक एकमेकांना कसे छेदतात हे दाखवणाऱ्या जाळ्यांवर, मी पूर्वी काम केले आहे, त्यामुळे त्या भागाची तपासणी मी आनंदाने करीन.